सवलत सगळीकडे सारखी, मग सेझ आमच्याकडे येणार कसं?

संपादक साहेब, नमस्कार.

सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांवर, काहीही छापून आलं की त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, सेझमुळे मागास भागात गुंतवणूक येते, विकास सगळीकडे पोचतो वगैरे. मी नागपूरचा. इथल्या विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प, त्यातलं सेझ रोज बघतो, म्हणून थोडं बोलतो.

सेझचा कायदा २००५ चा, लागू झाला फेब्रुवारी २००६ मध्ये. त्यात कंपनीला मुख्य आमिष होतं इन्कम टॅक्सच्या माफीचं. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण माफी, पुढची पाच वर्षं निम्मी, त्यानंतरची पाच वर्षं नफा परत धंद्यात टाकला तर निम्म्यापर्यंत. आता ही माफी हिंजवडीला जेवढी तेवढीच गडचिरोलीला! मग कोणता शहाणा माणूस गडचिरोलीला जाईल सांगा, हिंजवडीला इंजिनियर तयार मिळतात, एअरपोर्ट आहे, साहेबांच्या पोरांना शाळा आहेत, आणि आयटीच्या सेझला जागाही फार लागत नव्हती, दहा हेक्टरवर काम भागायचं. त्यामुळे जिथे आधीच सगळं होतं तिथेच सेझ गेलं, त्यातही आयटीच जास्त. माफ झालेला टॅक्स आख्ख्या देशाचा आणि फ्लॅटचे भाव वाढले पुण्यात. आमचे पोट्टे दिवाळीला ट्रॅव्हल्सचं तिप्पट भाडं भरून घरी येतात ते यामुळेच.

बरं, लांबच्या तालुक्याला जास्त सवलत द्यायची हे काही नवीन डोकं नाही. आपल्या राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे, त्यात तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट आहेत आणि विनाउद्योग जिल्हे वेगळे, जेवढा तालुका मागे तेवढी सवलत जास्त. तिनेही विदर्भ-मराठवाड्याचं सोनं झालं असं मी म्हणणार नाही, दांडेकर समितीने १९८४ ला अनुशेष मोजला, मग केळकर समितीने २०१३ ला पुन्हा सगळं मांडलं, यातच काय ते समजा. पण निदान कल्पना तरी बरोबर होती. दिल्लीने सेझ करताना तेवढंही केलं नाही.

काही लोक लगेच शेन्झेनचं नाव काढतात. अहो, १९८० ला चीनने सेझसाठी शेन्झेन शहर निवडलं ते हाँगकाँगच्या अगदी उंबऱ्यावर होतं म्हणून! आधी जागा बघितली, सवलत नंतर.

मिहानचं म्हणाल तर नुसतं वाईट बोलणार नाही. एअर इंडियासाठी उभं केलेलं विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आले, काही पोरं इथेच कामाला लागली, घरी राहून पगार घेतात. पण मिहान उभं करायला कंपनी राज्य सरकारने २००२ ला काढली आणि स्वप्नं दाखवली त्या मानाने हे फारच कमी. का, तर जे लागतं तेच वेळेवर झालं नाही. मिहानसाठी उभा केलेला खासगी वीज प्रकल्प बंद पडला, विमानतळाच्या कंत्राटाचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मिहानसाठी जमीन गेलेल्या शिवणगावच्या पुनर्वसनाचा घोळ कितीतरी वर्षं चालला. त्यात २०११ च्या बजेटमध्ये सेझवर मॅट, म्हणजे माफी असली तरी नफ्यावर भरावा लागणारा किमान कर, लावला, म्हणजे आधी माफी सांगून बोलावलं आणि खेळ सुरू असताना नियम बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला डिसेंबर २०२२ मध्ये, तोपर्यंत नव्या युनिटसाठी टॅक्सची माफी संपलीसुद्धा होती, ती २०२० लाच बंद झाली. रस्ता आला तेव्हा माफी गेली.

आणि जमीन. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगावच्या लोकांनी जमिनी दिल्या, तिकडे सिन्नरजवळ गुळवंच-मुसळगावची सेझची जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१४ च्या अहवालात सांगितलंय, देशात सेझसाठी नोटिफाय केलेल्या ४५ हजार हेक्टरच्या वर जमिनीपैकी साधारण २८ हजार हेक्टरवरच काम सुरू झालं होतं. बाकीची कोणाच्या नावावर कशासाठी ठेवली? पेण तालुक्यातल्या २२ गावांनी हे आधीच ओळखलं असणार, सप्टेंबर २००८ ला सेझला जमीन द्यायची का यावर त्यांचं मतदान घेतलं, तेव्हा हेटवणे धरणाच्या पाण्याने भिजणारी शेती कोण सोडेल. गोव्यात तर आधीच, २००७ च्या शेवटच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी सेझ रद्द करतो म्हणून सांगून टाकलं होतं. या लोकांना विकासविरोधी म्हणणं मला पटत नाही.

२०२२ च्या बजेटमध्ये सेझचा नवीन कायदा आणू अशी घोषणा झाली, मसुदाही फिरला, पुढे काही झालं नाही. तो परत कधी निघाला तर दोन गोष्टी त्यात हव्यातच, एक म्हणजे तालुक्याच्या गटाप्रमाणे सवलत कमी-जास्त, आणि दुसरी, ठरलेल्या मुदतीत शेड उभं नाही राहिलं तर प्लॉट परत, कोर्टकचेरी न करता.

तोवर तुम्ही एक करा. मिहानमधला कोणता प्लॉट कोणाला कधी दिला, काय भावाने दिला आणि आज त्यावर काय उभं आहे, हे माहिती अधिकारात मागवून दर सहा महिन्यांनी नागपूर आवृत्तीत छापा. पान भरलं तरी चालेल, आम्ही वाचू.

आपला,
एक वाचक, नागपूर