हातपाय शाबूत, म्हणजे माणूस शाबूत?

मा. संपादक,
स. न.

दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीच्या बातम्या सध्या वाचायला मिळतात. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, तेव्हापासून खोटे दिव्यांग हुडकण्याला जोर आला आहे. जरूर हुडकावेत. पण ज्याचे अपंगत्व खरे आहे आणि तरी कागदावर उमटतच नाही, त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही. आमच्या घरात असा एक माणूस आहे.

माझा धाकटा भाऊ लेथ मशिनवर काम करायचा. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसला, कवटी उघडून रक्ताची गाठ काढली, जीव वाचला. आज तो चालतो, जेवतो, आल्यागेल्याला "बसा, चहा घ्या" म्हणतो. पाच मिनिटांसाठी येणारे पाहुणे "अहो, हा तर ठणठणीत आहे" असे सांगून जातात. सहाव्या मिनिटाला काय होते ते भावजयीला विचारावे. चहाचे आधण ठेवलेले तो विसरतो. अपघातानंतर त्याला वासच येत नाही, म्हणजे गॅस सुटला तरी कळायचा नाही. त्यामुळे त्याला घरात एकटे ठेवता येत नाही. भाजीवाल्याला एकदा दिलेले पैसे पुन्हा देतो, कोणी मागितले तर उसनेही देतो. मशिनची मापे अजून तोंडपाठ आहेत, पण सकाळी अंघोळीला उठायचे तरी दहादा सांगावे लागते. आणि मधेच असा संताप, की मुलगी अभ्यासाला शेजारी जाऊन बसते. डॉक्टर सांगतात, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की असे होते. हा आळस किंवा हट्ट नव्हे.

दिव्यांगांचे ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढायला आम्ही नेटकॅफेत गेलो. तिथल्या मुलाने विचारले, "ताई, प्रकार कुठला टाकू?" २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सात होते, म्हणजे यादी चांगलीच वाढली. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, अॅसिड हल्ल्याचे बळी आहेत. मेंदूला मार लागलेला माणूस मात्र कुठल्याच नावाने नाही. जन्मतेवेळी मेंदूला इजा झाली तर सेरेब्रल पाल्सी म्हणून जागा आहे, पस्तिसाव्या वर्षी ट्रकच्या धडकेने झाली तर नाही. डाव्या हातात थोडी कमजोरी होती, म्हणून त्या मुलाने अस्थिव्यंग निवडले. दुसरे काय निवडणार?

मग वैद्यकीय बोर्ड, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणारे डॉक्टर. हात वर करा, मूठ आवळा, चालून दाखवा. भावाने सगळे केले. शेवटी विचारले, काय त्रास होतो? तो म्हणाला, "काही नाही. उद्यापासून कामावर जायचंय." मेंदूच्या अशा दुखापतीत माणसाला आपले काय गेले आहे हेच पुष्कळदा कळत नाही, तो दुखापतीचाच भाग असतो. म्हणजे ज्याची साक्ष सर्वांत कच्ची, त्याचीच तेवढी नोंदवली गेली. भावजय बाहेर बाकावर बसून होती, तिला कोणी आत बोलावले नाही. टक्के पडले चाळीसच्या आत. आता रंगीत कार्डे आली आहेत: चाळीसच्या खाली पांढरे, चाळीस ते ऐंशी पिवळे, त्यापुढे निळे. आमच्या हाती पांढरे आले. पेन्शन असो की एसटीची सवलत, दार उघडते ते चाळीसला.

मानसोपचार विभागात म्हणाले, हा मनोरुग्ण नाही, न्यूरोकडे जा. न्यूरोवाले म्हणाले, ऑपरेशन उत्तम झाले आहे, आता आमचे काम नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण माणूस मधल्या मधे राहिला. वास्तविक कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचली तर त्यात विचार, मनःस्थिती आणि आकलनाबरोबर स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतले बिघाडही आहेत, निर्णयशक्ती, वागणूक किंवा जगण्यातल्या नेहमीच्या गरजा भागवण्याची क्षमता त्यामुळे फारच बिघडत असेल तर. ते मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी वागणूक, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना शून्य ते चार गुण देतात. भावाला या पट्टीवर कोणी बसवलेच नाही. "मानसिक" हा शिक्का नको, मुलीचे लग्न व्हायचे आहे, असे घरातलेही म्हणत होते, तोही भाग आहेच. पक्षाघाताने किंवा माराने ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना वाचा व भाषा दोष या प्रकारात अर्ज करता येतो. तिथे अफेजियाचे (मेंदूच्या इजेने भाषा जाण्याचे) नाव कायद्यातच आहे. हे नेटकॅफेत कळले असते तरी आमचा उपयोग नव्हता, कारण भाऊ बोलतो छान; पण ज्या घरात वाचा गेली आहे त्यांनी लक्षात ठेवावे.

पैशांचे सांगायचे तर संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना अडीच हजार मिळतात. ही वाढ चांगलीच, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत दाखवावे लागते. महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. भावजय शिलाई करते आणि दोन घरचे डबे देते. नवऱ्याला सांभाळून जेवढे जमते तेवढे कमावते, आणि त्या कमाईमुळेच तलाठ्याच्या दाखल्यावर आकडा वर जातो. बँकेतल्या त्याच्या खात्याला हात लावायचा तर कायदेशीर पालक हवा. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याने जिल्हास्तरीय समितीकडून पालक नेमून मिळतो, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच. आम्ही कोर्टात जायचे.

हे एका घराचे रडगाणे नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि सव्वाचार लाखांहून अधिक जखमी झाली. गेलेल्यांचा आकडा दरवर्षी पेपरात येतो. जखमींमधले डोक्याला मार बसून घरी परतलेले किती, आणि त्यांचे पुढे काय झाले, हे विचारायची पद्धतच नाही.

२१ प्रकारांच्या पुढे आणखी प्रकार अधिसूचित करण्याचा अधिकार कायद्याच्या अनुसूचीनेच केंद्राला दिला आहे. त्याला वेळ लागेल, समजू शकते. पण राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने आरोग्य विभागाला सोबत घेऊन एक परिपत्रक काढायला काय हरकत आहे? डोक्याला मार बसलेला रुग्ण समोर आला की सांभाळणाऱ्या व्यक्तीला आत बोलावून तिचे म्हणणे लेखी नोंदवावे. स्मृती आणि निर्णयशक्तीच्या चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्याव्यात, जिल्ह्यात तो नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, आणि प्रवासाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये. अपघाताला थोडेच दिवस झाले असतील तर "सुधारणा होईल, मग या" म्हणून परत न पाठवता मुदतीचे प्रमाणपत्र द्यावे. सुधारणा झाली तर नूतनीकरणात टक्के कमी करा, आमची ना नाही. घर चालवायचे असते ते नेमके त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत.

२०१६ च्याच कायद्याच्या कलम ५९ खाली बोर्डाच्या निर्णयावर अपील करता येते, हे आम्हाला फार उशिरा एका वकिलाकडून कळले. प्रमाणपत्राच्या पाठीवर ही एक ओळ छापली तरी पुष्कळ घरांचे काम होईल. आम्ही अपील केले आहे. या वेळी डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचे रिपोर्ट आणि भावजयीने वहीत लिहून ठेवलेल्या रोजच्या नोंदी जोडल्या आहेत.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे. भावाच्या मुलीचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)