बाहीवरची रिकामी जागा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. पुढच्या महिन्यात स्काऊट चळवळीतल्या तरुणांच्या शाखेत, रोव्हर म्हणून, तुझी दीक्षा आहे हे वाचून मला किती आनंद झाला, ते लिहून कळणार नाही. आपण दोघं एकाच पॅट्रोलमध्ये, स्काऊटांच्या त्या छोट्या तुकडीत, होतो तेव्हा रोव्हर म्हणजे आपल्याला केवढे मोठे लोक वाटायचे, आठवतंय? आता तिथे तू उभा राहणार आहेस.

तू विचारलंयस की जुन्या शर्टावरचे बॅज नव्या शर्टावर घ्यायचे की नाही. ‘इतक्या वर्षांची कमाई काढून ठेवायची म्हणजे जिवावर येतं,’ असंही लिहिलंयस. ते वाक्य मी दोनदा वाचलं, कारण माझंही नेमकं तेच झालं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. काढून ठेव. प्रावीण्याचे बॅज, पॅट्रोल लीडरच्या पट्ट्या, जुन्या शिबिरांची चिन्हं, सगळं काढ. कुठलं चिन्ह कुठे लावायचं हे प्रत्येक देशाची संघटना आपापलं ठरवते, तेव्हा तुमची गणवेशाची नियमपुस्तिका शेवटपर्यंत वाच आणि तिच्यात मोठेपणी लावायला मुभा असेल तेवढंच ठेव. माझं किंवा कुणा सिनियरचं ऐकीव सांगणं त्याबाबतीत चालणार नाही. स्कार्फ कॉलरवर घालायचा की कॉलरखाली, इतक्या साध्या गोष्टीतही देशोदेशी फरक आहे.

अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने हे फार नेमकं आखून दिलंय. तिथे मुलगा मोठा झाला की ईगल स्काऊटचा बॅजसुद्धा खिशावरून उतरतो, आणि तो तर त्याच्या मुलपणातला सर्वोच्च बॅज. प्रौढाच्या गणवेशावर त्याऐवजी खिशाच्या वर एक लहानशी आयताकृती पट्टी येते, तिच्यावर भरतकामात काढलेली रीफ नॉट. बस, एवढंच. ज्याला ती गाठ ओळखता येते त्याला सगळं कळतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. कमाई पुसली जात नाही, पण ती छातीवर मिरवलीही जात नाही.

तुला वाटेल, मुलांनी आपल्याकडे पाहून हुरूप घ्यावा म्हणून बॅज दिसलेले बरे. मलाही तसंच वाटायचं. एकोणिसाव्या वर्षी मी लहान पथकाला मदत करायला जाऊ लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी दोन्ही बाह्या भरलेला माझा जुना शर्ट घालून गेलो. मुलं भोवती जमली, बॅज मोजू लागली. तासभर गाठी शिकवायच्या होत्या, त्यातली वीस मिनिटं माझ्या बाहीवर गेली. एक मुलगा मात्र लांब उभा होता. त्याच्या शर्टावर फक्त सदस्यत्वाचा बॅज होता, नुकताच लावलेला, कडेचा दोरा अजून लोंबत होता. त्याने माझ्या बाहीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ते मागे घेणं मी विसरलेलो नाही. त्या रात्री मी शर्ट उसवायला बसलो.

आपलं वय या चळवळीत मधलं आहे रे. जागतिक जांबोरीचं, म्हणजे जगभरच्या स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याचंच बघ ना. तिथे सहभागी म्हणून जायचं वय 14 ते 17. अठरा पूर्ण झाली की आपण सेवा पथकात जातो, म्हणजे रांगा लावणं, स्वयंपाकघर सांभाळणं, रात्रीचा पहारा. पण जागतिक मूटला, जो 18 ते 25 वयाच्या तरुणांसाठीच भरतो, तिथे तेच आपण पुन्हा सहभागी असतो. एकाच माणसाची दोन नाती. मग शर्टाने काय सांगायचं? माझ्या मते, आज तू इथे कोण म्हणून आला आहेस तेवढंच. क्रूच्या, म्हणजे रोव्हरांच्या गटाच्या, बैठकीला जाशील तेव्हा तू रोव्हर. लहान पथकात मदतनीस म्हणून जाशील तेव्हा पदाचं एकच चिन्ह, तेही नेमणूक झाली असेल तरच. दोन पदांच्या पट्ट्या एकाखाली एक लावलेली तरुण मंडळी मी पाहिली आहेत. नऊ वर्षांच्या पोराला त्यातून काहीच समजत नाही, आणि गणवेश मुळात त्याला समजावा म्हणूनच असतो. गर्दीत हरवलेलं पोर मदत मागायला कुणाकडे जाणार? ज्याच्या खांद्याकडे पाहून त्याला खात्री वाटेल त्याच्याकडे.

अगदी पहिल्यापासून असंच आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेलनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर विसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा आजच्यासारखा गणवेश नव्हताच. प्रत्येक मुलाच्या खांद्यावर लोकरीच्या धाग्यांचा झुपका असायचा. बुल्स पॅट्रोलचा हिरवा, कर्ल्यूजचा पिवळा, वुल्व्हजचा निळा, रेव्हन्सचा लाल. श्रीमंतांच्या शाळेतली मुलं आणि कामकऱ्यांची मुलं एकाच पॅट्रोलमध्ये होती, आणि त्यांना एक करणारी गोष्ट काय, तर चार रंगांची लोकर. गणवेशाबद्दल कुणी वाद घालायला लागलं की मला तो झुपका आठवतो. तू कोणाचा आहेस, एवढंच तो सांगत होता.

आणि तुझ्या ‘कमाई’चं उत्तर रोव्हरांच्या परंपरेतच आहे. रोव्हर शाखेचे पहिले नियम 1918 साली आले, ब्रीद ‘सेवा’. पुढे अनेक ठिकाणी रोव्हराच्या खांद्यावर तीन रंगांच्या फिती आल्या, पिवळी, हिरवी आणि लाल. पिवळी कबची, म्हणजे लहानग्यांच्या शाखेची, हिरवी स्काऊटची, लाल रोव्हरची. तुझी आजवरची सगळी वर्षं त्या बोटभर फितींत मावली आहेत! तुमच्या संघटनेत फिती नसतील तरी तो विचार घे. सदस्यत्वाचा बॅज तर कुणी काढायला सांगतच नाही. जांभळ्या रंगावर पांढरं तीन पाकळ्यांचं लिलीचं फूल, भोवती दोरीचं कडं, खाली रीफ नॉट. फुलाच्या दोन पाकळ्यांत दोन तारे आहेत, दोघांची मिळून दहा टोकं, स्काऊटच्या दहा नियमांची आठवण म्हणून. काल आलेल्या पोराच्या शर्टावर तोच बॅज आणि साठीतल्या लीडरच्या शर्टावरही तोच. दीक्षेच्या दिवशी तुझ्या शर्टावर फक्त तेवढाच असला तरी तू कुणापेक्षा कमी दिसणार नाहीस.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुलाही आजवर सांगितली नव्हती.

तू नव्हतास त्या वर्षीच्या शिबिरात आमच्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांचे वूड बॅजचे, म्हणजे लीडरचं प्रशिक्षण पुरं केल्यावर मिळणारे, मणी तंबूच्या खुंटीला टांगलेले होते. ते आंघोळीला गेले होते. मी ते गळ्यात घातले आणि मित्राकडून फोटो काढून घेतला. मनात वाईट काही नव्हतं, नुसतं कसं वाटतं ते बघायचं होतं. दुसऱ्या संध्याकाळी शेकोटीपाशी एका बारा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, “दादा, तुम्ही तो कोर्स कधी केलात?” तिने लांबून पाहिलं होतं. मी म्हणालो, “नाही केला.” ती काही बोलली नाही, फक्त “अच्छा” म्हणाली आणि लाकडं आणायला गेली. मी तसाच उठून त्या प्रशिक्षकांकडे गेलो, सगळं सांगितलं, फोटो त्यांच्यासमोर पुसून टाकला. ते रागावले नाहीत. त्यांनी मणी हातात घेतले आणि ज्यांच्या हातून ते मिळाले त्या बाईंबद्दल अर्धा तास बोलत राहिले. त्या कशा शिकवायच्या, पावसात तंबू पडला तेव्हा काय म्हणाल्या, शेवटच्या दिवशी मणी घालताना त्यांचे हात कसे थरथरत होते.

1919 च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क या प्रशिक्षण केंद्रात पहिला कोर्स झाला, तेव्हापासून हे लाकडी मणी असेच एकाच्या हातून दुसऱ्याच्या गळ्यात जात आलेत. दोन मणी म्हणजे प्रशिक्षण पुरं केलेला लीडर, तीन आणि चार म्हणजे इतरांना शिकवणारे. गिलवेलच्या करड्या स्कार्फवर पाठीमागे मॅक्लॅरन घराण्याच्या चौकड्यांचा तुकडा असतो, कारण ती जागा घ्यायला पैसे त्या घराण्यातल्या माणसाने दिले. मी त्या दिवशी जे गळ्यात घातलं त्यात एवढ्या सगळ्यांचा वाटा होता, आणि माझा काहीच नव्हता. म्हणून सांगतो, कुणी प्रेमाने “घालून तर बघ” म्हटलं तरी न मिळवलेलं चिन्ह अंगाला लावू नकोस. ऑनलाइन काहीही विकत मिळतं, तेही नको. जांबोरीतली अदलाबदल वेगळी. तिथे शिबिरांचे आणि पथकांचे बॅज आणि स्कार्फ हौसेने बदलावेत, त्यातून मैत्र्या होतात. पण वचन घेऊन किंवा परीक्षा देऊन मिळालेलं कधी बदलायचं नाही. आणि आपण आता मोठे, तेव्हा लहान मुलांशी अदलाबदल करायला बसायचंच नाही. त्यांना भिडेने नाही म्हणता येत नाही, आणि चांगला बॅज हातचा जातो.

बाकीचं तुला ठाऊक आहेच, तरी लिहून ठेवतो. गणवेशात दारू नाही, सिगारेट नाही. कुठल्या पक्षाच्या सभेला किंवा मोर्चाला जायचं असेल तर जरूर जा, तो तुझा हक्क आहे, पण साध्या कपड्यात जा, कारण तो शर्ट तुझ्या एकट्याचा नाही. तीच गोष्ट फोटोची. गणवेशातला फोटो टाकलास की त्याखाली तू जे लिहिशील ते लोक चळवळीच्या नावावर धरतात. आणि अर्धा गणवेश घालून हिंडू नकोस. एक तर पूर्ण घाल, नाहीतर नुसता स्कार्फ घाल. स्कार्फ एकटा चालतो. 1 ऑगस्टला, ब्राउन्सीच्या आठवणीसाठी, जगभर जुनेजाणते स्काऊट रोजच्या कपड्यांवर स्कार्फ घालून कामाला जातात, ते मला फार सुंदर वाटतं. फक्त तो गुंडाळताना मन लावून गुंडाळ. सपाट जागेवर पसर, लांब कडेकडून घट्ट, सारख्या घड्या घालत ये आणि टोकाशी हाताएवढा त्रिकोण मोकळा राहू दे. वेळ पडली तर तोच उलगडून कुणाचा मोडलेला हात गळ्यात बांधायचा असतो. म्हणून वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी धरून ठेवणारं कडं, असं हवं की एका हाताने ओढलं तर निघेल. चामड्याच्या पट्टीचं, टर्क्स हेड नावाच्या गाठीने विणलेलं सगळ्यात चांगलं. 1920 च्या दशकात गिलवेलला तिथले कर्मचारी बिल शँकलींनी वॉगल बनवलं तेही टर्क्स हेडचंच. तू स्वतः विण, विकतचं नको.

आता शिवणकाम. बॅज उसवताना ओढू नकोस, कापड फाटतं. उलट्या बाजूने टोकदार कात्रीने दर तिसरा-चौथा टाका काप, मग सुलट्या बाजूने अलगद उचल, दोरा आपोआप सुटत येतो. नवा बॅज लावण्याआधी शर्ट आणि बॅज दोन्ही एकदा भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि बॅजला चुण्या पडतात. टाचण्या चार बाजूंना लाव, शर्ट अंगात घालून आरशात बघ, कारण टेबलावर सरळ दिसणारा बॅज खांद्याच्या उतारावर तिरका होतो. दोरा बॅजच्या काठाच्या रंगाचा घे आणि काठाच्या आतून बारीक तुरपाई कर. खिसा शिवून बंद होणार नाही एवढं पाहा. माझा एकदा झाला होता, आणि ते कळलं थेट संचलनाच्या मैदानावर.

उसवलेले बॅज टाकू नकोस हं. मी माझे एका जुन्या घोंगडीवर शिवले. शेकोटीला ती अंगावर घेतली की मुलं हवा तेवढा वेळ बॅज बघतात, प्रत्येकाची गोष्ट विचारतात, आणि कुणाला हात मागे घ्यावासा वाटत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. बॅज निघाले की खालचं कापड गडद दिसेल. ऊन लागलेलंच नसतं ना तिथे! माझ्या बाहीवर अजून ते गोल आणि चौकोन दिसतात. पहिल्या दिवशी तुला चुकल्यासारखं होईल. तो शर्ट बदलू नकोस. नव्या शर्टाचा नाद सोड आणि दीक्षेला तोच घाल.

मी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. जांभळ्या दोऱ्याचं रीळ माझ्याकडे आहे, ते आणतो. सदस्यत्वाचा बॅज तेवढा माझ्यासाठी ठेव, तो मी शिवणार.

तुझाच,
जुन्या पॅट्रोलचा सोबती