दरपत्रकातील यू-मूल्य काचेचे, खिडकी मात्र वेगळीच : बदललेल्या खिडक्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऊर्जाबचतीच्या म्हणून बसवलेल्या सात खिडक्यांबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या जुन्या घराच्या सात खिडक्या बदलून दिल्या, त्याला आता तीन महिने होत आले. आपल्या प्रतिनिधींशी दोनदा दूरध्वनीवर बोलूनही ‘काच उत्तम दर्जाची आहे’ याखेरीज उत्तर मिळालेले नाही. माझी तक्रार काचेबद्दल नाहीच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खिडक्या निवडताना मी तीन कंपन्यांची दरपत्रके समोर ठेवली होती आणि निर्णय मुख्यतः यू-मूल्यावर घेतला; आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते, ते सांगणारा हा आकडा जितका कमी तितका चांगला. साध्या एकेरी काचेचा तो ५.७ च्या आसपास असतो. आपण १.१ लिहिला होता, इतर दोघांनी १.५ आणि १.६; साहजिकच आपली निवड झाली. बसवून झाल्यावर हाती आलेले तांत्रिक पत्रक वाचले, तेव्हा कळले की १.१ हे केवळ काचेच्या मध्यभागाचे मूल्य आहे. चौकट आणि काचेची कड त्यात धरलेलीच नाही. इतर दोघांचे आकडे संपूर्ण खिडकीचे होते. आकडा कशाचा, हे मी विचारले नाही ही माझी चूक. पण दरपत्रकावर ‘खिडकीचे यू-मूल्य’ असे छापल्यावर ते विचारावे असे कोणाला सुचेल?

चौकट अॅल्युमिनियमची असून तिचा आतला आणि बाहेरचा भाग अलग करणारी उष्णतारोधक पट्टी तिच्यात नाही. आमच्या खिडक्या ९० बाय १२० सेंटिमीटरच्या. जुनी लाकडी चौकट न काढता नवी तिच्या आत बसवल्यामुळे काच ७० बाय १०० एवढीच उरली, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक जागा धातूने व्यापली आहे. हे गणित मांडल्यास पूर्ण खिडकीचे मूल्य १.१ च्या दुपटीहून अधिक भरते. थंडीच्या दिवसांत पहाटे काच कोरडी ठणठणीत असते, चौकटीवर मात्र थेंब धरलेले असतात आणि त्यांचे ओघळ खालच्या लाकडी फळीवर साचतात. फळीचा रंग दोन ठिकाणी फुगून सुटू लागला आहे.

दुसरा दोष बसवण्याचा आहे. जुन्या घराच्या भिंती आणि चौकटी काटकोनात नसतात, तरीही आपल्या कारागिरांनी प्रत्येक खिडकीचे माप फक्त मध्यावर घेतले. जिन्याजवळच्या खिडकीत डाव्या बाजूची फट ८ मिलिमीटर, तर उजवीकडची २२ मिलिमीटर आहे आणि ती आतून न भरता वरून केवळ सिलिकॉन ओढून झाकली आहे. वाऱ्याच्या दिवशी तिथे मेणबत्ती धरली तर ज्योत आडवी होते. (त्याच ज्योतीची काचेत चार प्रतिबिंबे दिसतात आणि त्यांतील एकाचा रंग वेगळा असतो, म्हणजे काचेवरचा उष्णता परतवणारा थर खरोखरच आहे; तेवढे श्रेय आपल्याला देतो.)

यावर उपाय म्हणून आमच्या मापाच्या संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य आपण चाचणी अहवालासह लेखी कळवावे आणि ते दरपत्रकाशी जुळत नसल्यास उष्णतारोधक पट्टी असलेल्या चौकटी आपल्या खर्चाने बसवून द्याव्यात, अथवा खिडक्या परत घेऊन रक्कम परत करावी. फटी मात्र कोणत्याही परिस्थितीत कडेच्या पट्ट्या काढून, आतून फोम भरून नीट बुजवाव्यात. चौकटी बदलायच्या ठरल्यास हे काम त्याच वेळी झाले तरी चालेल. तोपर्यंत शेवटचा हप्ता मी रोखून धरला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागावी लागेल.

पाहणीसाठी माणूस पाठवाल तेव्हा तो सकाळी सातच्या आत पाठवावा. दहा वाजेपर्यंत थेंब सुकून जातात आणि मागच्या वेळी आलेल्या आपल्या माणसाने ‘इथे तर काहीच ओल नाही’ असा शेरा लिहून नेला होता.

आपला,
एक ग्राहक

सोबत : दरपत्रक व तांत्रिक पत्रकाच्या प्रती, चौकटीची आणि फटींची छायाचित्रे