मंत्रिमहोदय, माझ्या भावाला आपण आणलेलं नाही

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

परवा आपल्या फेसबुक पेजवर एक पोस्ट पडली. डावीकडे आपला हसतमुख फोटो, उजवीकडे माझ्या धाकट्या भावाचा पासपोर्टवरचा, आणि मध्ये मजकूर : ‘साहेबांच्या अथक पाठपुराव्याला यश! आखातातून पार्थिव मायदेशी.’ खाली कार्यकर्त्यांनी रांगेने हात जोडलेत. एकाने तर सवयीने ‘हार्दिक अभिनंदन’ लिहून टाकलंय. तो फोटो आम्ही अर्जाला जोडून आपल्या पीएकडे दिला होता. पोस्ट काढून टाकावी, ही पहिली विनंती. नम्र विनंती म्हणायची पद्धत आहे, पण आज ते जमत नाहीये.

माझ्या भावाला कुणी आणलं ते सांगते, कारण आपल्यापर्यंत ते पोचलं नसणार.

तो एसीचं काम करायचा. ड्यूटीवरून आला, कॅम्पमध्ये झोपला तो उठलाच नाही. कंपनीने कळवलं नाही. खोलीतल्या एका मुलाने मोडक्या हिंदीत फोन केला. कंपनीचा पीआरओ एकदा ‘सब हो जाएगा’ म्हणाला आणि मग त्याने फोन उचलणं सोडलं. त्याच आठवड्यात आपण आमच्या तालुक्यात भूमिपूजनाला आलात. माझी भावजय लेकीला कडेवर घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी उभी राहिली. माइक हातात असतानाच आपण म्हणालात, “ताई, आठ दिवसांत बॉडी घरी येईल, हा माझा शब्द.” टाळ्या पडल्या. मयताच्या बातमीवर टाळ्या मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकल्या. आठ दिवस उलटल्यावर आपले पीए म्हणाले, “हा केंद्राचा विषय आहे.”

असेल. मग शब्द कशाच्या जोरावर दिलात?

मग आम्हीच तो विषय शिकलो. हॉस्पिटलचा रिपोर्ट, पोलिसांचा कागद, तिथला मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाची एनओसी, एम्बामिंगचं, म्हणजे मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र. आणि या सगळ्याआधी वारसाचं संमतीपत्र : बॉडी पाठवायची की तिथेच दफन करायची. एक कागद अडला की पुढचे सगळे खोळंबतात, आणि माणूस शवागारात. आमचं अडलं संमतीपत्रावर. भावाचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर बायकोचं नाव नाही. तिच्या आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. सेतूमधला मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “मॅडम, ही तीच बाई कशावरून?” ती बाई त्याच्या समोरच्याच खुर्चीत होती. तिने काही न बोलता पिशवीतून लग्नाचा अल्बम काढला आणि कीबोर्डवर ठेवला. हा अल्बम तिने कधी पिशवीत घातला, मला माहीत नव्हतं. त्याने दोन पानं उलटली आणि सांगितलं, “फोटो चालत नाहीत, प्रतिज्ञापत्र आणा.”

विम्याचं विचारू नका. प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं. पण ते अपघाती मृत्यूला. झोपेत हृदय बंद पडणं हा अपघात होत नाही. शिवाय सक्ती कुणाला, तर दहावी न झालेल्या, इमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, घेऊन जाणाऱ्या कामगारांना. माझा भाऊ दहावी पास. शिकला, तिथेच चुकला म्हणायचं. भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे, २००९ पासून. कंपनीने हात वर केले आणि घरच्यांची ऐपत नसली, तर बॉडी पाठवण्याचा खर्च त्यातून करता येतो. हा निधी पासपोर्ट-व्हिसाच्या कामाला आलेल्यांकडून फीबरोबर थोडे जास्तीचे पैसे घेऊन उभा राहतो, म्हणजे पैसे मुख्यतः लोकांचेच. आम्हाला खिडकीवर सांगण्यात आलं, कंपनी खर्च करणार नाही असं कंपनीकडून लेखी आणा. जी कंपनी फोन उचलत नाही, ती नकार लेखी देणार!

शेवटी कॅम्पमधल्या पोरांनी वर्गणी काढली. तेलुगू, बिहारी, मल्याळी. केरळच्या एका संघटनेचा कार्यकर्ता स्वतःची गाडी घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. त्याने मला फोनवर विचारलं, “तुमच्या राज्याचं ऑफिस कुठलं? आमचं नॉर्का आहे, तसं?” मी काय उत्तर देणार? केरळने परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी १९९६ मध्ये ‘नॉर्का’ हे वेगळं खातं काढलं. त्यांच्याकडे बॉडी विमानतळावर उतरली की घरापर्यंत रुग्णवाहिका मोफत मिळते. मला मात्र प्रत्येक कार्यालयाने पुढच्या कार्यालयाचं दार दाखवलं.

बरं, केरळपेक्षा आपण कमी पैसे आणतो म्हणावं, तर तेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के, केरळ १९.७. त्यात आखातापेक्षा अमेरिकेचे डॉलर जास्त असतील म्हणाल, तर म्हणा. पाठवलेला पैसा महाराष्ट्राचा आणि मेलेला माणूस केंद्राचा, ही वाटणी कुणी केली ते सांगा.

आणि केंद्राला तरी सगळे मेलेले सारखे असतात का? जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीत आग लागली. ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन हवाई दलाचं विमान तिसऱ्या दिवशी कोचीला उतरलं. चांगलंच झालं, तसंच व्हायला हवं. म्हणजे मनात आणलं तर तीन दिवसांत होतं! पण त्या घटनेवर साऱ्या देशाचे कॅमेरे होते. माहिती अधिकारात बाहेर आलेला आकडा सांगते : २०१२ ते २०१८च्या मध्यापर्यंत सहा आखाती देशांत २४ हजारांवर भारतीय कामगार मेले. भागाकार करा, दिवसाला दहा येतात. आकडा जुना आहे, नवा आपण मागवा, आपल्याकडे पीए आहेत. हे दहा एका खोलीत एकाच रात्री मेले असते तर विमान गेलं असतं. माझा भाऊ एकटा मेला.

एक सुधारणा झाली, ती नाकारत नाही. २०१९च्या जानेवारीत एअर इंडियाने आखातातून येणाऱ्या मृतदेहांना किलोवर भाडं लावणं बंद करून देशागणिक एकच दर ठरवला. तोवर माणसं चक्क वजनावर येत होती. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने विमानतळावरच्या परवानगीसाठी ‘ई-केअर’ पोर्टलही काढलं. पण पोर्टलवर चढवायचा कागदच हातात नसेल तर पोर्टल काय करणार?

मुंबईत तो उतरला कार्गोमध्ये. एअरवे बिलावर, म्हणजे विमानातल्या मालाच्या पावतीवर, नगांची संख्या १, आणि खाली वजन. आमच्या पुढचा माणूस यंत्राचे सुटे भाग सोडवत होता, मागचा औषधांचे खोके. सही कुठे करायची ते दाखवताना तिथला कारकून हलक्या आवाजात भावजयीला म्हणाला, “इथे करा, वहिनी.” इतक्या दिवसांत सरळ बोललेला तो पहिला.

तिथून पुढे खाजगी रुग्णवाहिका. दर किलोमीटरवर, आणि परतीचे किलोमीटरही आपल्याच माथी. रस्ता अर्थातच मुंबई-गोवा महामार्ग. २०११ मध्ये चौपदरीकरणाला हात घातलात, दर गणपतीला ‘या वर्षी पूर्ण’ म्हणून सांगता. पेटी खिळे ठोकून बंद केलेली होती तरी प्रत्येक खड्ड्याला आतून आवाज यायचा. भावजय अर्ध्या वाटेपासून पेटीवर दोन्ही हात दाबून बसली. रस्त्याचा आणि मयताचा काय संबंध, असं विचाराल. ठेकेदाराला जाब विचारणारा कुणी नाही, कंपनीला विचारणारा नाही, एजंटाला नाही, तुम्हाला नाही. हाच संबंध. निवडणुकीत मात्र आमच्या वाडीतली एकूण एक घरं तुमच्या यादीत असतात. कोण आखातात, कोण मुंबईत, कुणाच्या नावावर किती मतं, सगळं पाठ. माणूस मेला की त्याच गावाचा पत्ता सापडत नाही.

आता काय हवंय ते लिहिते. मुंबई विमानतळावर उतरलेल्या कामगाराच्या बॉडीला घरापर्यंत सरकारी गाडी. जिल्हाधिकारी कार्यालयात एक अधिकारी, ज्याच्या फोनवर सुट्टीच्या दिवशीही माणूस बोलेल. संमतीपत्र एका दिवसात, वारसाला पाच ठिकाणी न फिरवता. यातल्या एकाही गोष्टीसाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

आमचं स्वतःचं एक काम अजून बाकी आहे. भावाचा शेवटचा पगार आणि नोकरी संपल्याचे पैसे कंपनीने दिलेले नाहीत. त्यासाठी पुन्हा वारसाचे कागद, पुन्हा तीच खिडकी. अर्ज आपल्या कार्यालयात पोचलेला आहे, आवक क्रमांक या पत्रासोबत वेगळा पाठवत आहे. पीएंचा फोन नको. हे प्रकरण कुठला अधिकारी पाहणार, त्याचं नाव आणि हुद्दा लेखी कळवा. ते कळेपर्यंत दर सोमवारी मी आपल्या कार्यालयात येऊन बसणार आहे.

आपल्याच मतदारसंघातली,
एका कामगाराची थोरली बहीण