होडी पाण्यात घालण्याआधी

वसई, १८ जुलै

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी काल टाके पाहिले. जखम छान भरतेय म्हणाले, पण अजून अडीच महिने होडीवर पाय ठेवायचा नाही, असंही बजावलं. म्हणजे ३१ जुलैला पावसाळी मासेमारीची बंदी संपली की होडी तूच काढणार आणि मी इथे ताईच्या गॅलरीत बसणार. तांडेल काका सोबत आहेत, त्यामुळे समुद्राची मला काळजी नाही. वारा, पाणी, जाळं कुठे मारायचं हे त्यांना माझ्यापेक्षाही जास्त कळतं. पण इंजिनात ते हात घालत नाहीत. ते आजवर माझं काम होतं, आता तुझं आहे. फोनवर सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पान्यांच्या पेटीत ठेव.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. तू तेव्हा सातवीत असशील. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, निघालो, आणि चौथ्या फेरीला होडी जड झाली. १८०० आरपीएमला जाणारं इंजिन १५०० च्या वर चढेना. सायलेन्सरमधून काळा धूर. फिटरला बोलावलं. त्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला पाठवले, मग डिझेलचा पंपही उतरवून कॅलिब्रेशनला दिला. सहा दिवस होडी नांगरावर उभी. हर्णैच्या बंदरात रोज संध्याकाळी लिलाव लागायचा, बाकीच्यांची कोळंबी विकली जायची आणि मी किनाऱ्यावर बसून बघायचो. सगळं परत बसवून निघालो तर धूर तसाच. शेवटी अमावास्येच्या ओहोटीला आंजर्ल्याच्या खाडीत होडी रेतीवर बसवली आणि मी चिखलात गुडघे टेकून इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टला हात लावला. होडी ढकलणारा पंखा आणि शाफ्टचं बेअरिंग यांच्या मधल्या फटीत नायलॉनची दोरी गेली होती. घासून घासून, वितळून तिचं काळं कडं झालं होतं, काचेसारखं कडक. करवतीच्या पात्याने ते कापायला दोन तास लागले. इंजिनात काहीच बिघडलेलं नव्हतं. फिटरला मी दोष देत नाही, त्याला जे दिसत होतं ते त्याने उघडलं. पाण्याखाली बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून तुला एवढंच कळकळीने सांगायचंय की इंजिन आणि पंखा वेगळे समजू नकोस. मधे गियर आहे, शाफ्ट आहे, पण दुखणं एकाचं असतं आणि कण्हतो दुसरा. काहीही बिघडलं की पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट कर. गियर न्यूट्रलला आण आणि हळूहळू रेस दे. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वच्छ, बिनधुराचं वर चढलं आणि गियर टाकल्यावरच दमायला लागलं, तर बहुतेक वेळा ओझं मागून येतंय. पंखा, शाफ्ट, बेअरिंग किंवा होडीच्या तळाला चिकटलेली खरबरीत कवचं आणि शेवाळ, यातलंच काहीतरी. थरथरीचंही तसंच. न्यूट्रललाही थरथरत असेल तर इंजिनचे पाये आणि सिलिंडर बघ. फक्त गियरमध्ये थरथरत असेल तर मागचा पंखा-शाफ्ट बघ. पाच मिनिटांचं काम आहे. त्या वर्षी मी ते केलं असतं तर सहा दिवस वाचले असते.

आपल्या पंख्याच्या बोसवर, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या गोल भागावर, ३४ बाय २४ असं कोरलेलं आहे. ३४ इंच म्हणजे त्याचा घेर नव्हे, व्यास. २४ म्हणजे पिच. पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा २४ इंच पुढे गेला असता. इंजिन १८०० वर, गियर तीनास एक, म्हणजे पंख्याचे मिनिटाला ६०० फेरे. त्या हिशोबाने मिनिटाला १२०० फूट, म्हणजे जवळजवळ १२ नॉट. जीपीएसवर आपल्याला मिळतात आठ. मधला फरक म्हणजे पाण्यातली घसर, ती असणारच. पण १८०० ला आठ हा आकडा तू पहिल्या फेरीला वहीत लिहून ठेव, वारा आणि भरती-ओहोटीही लिही. दोन महिन्यांनी त्याच आरपीएमला साडेसहा दिसले तर इंजिनचा दोष नाही, मागे बघायची वेळ झाली असं समज.

कोणीतरी तुला नक्की सांगेल की पिच वाढव, ट्रॉलचं जाळं ओढायला जोर येईल. ऐकू नकोस. पूर्ण रेसला इंजिन त्याच्या ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचलंच पाहिजे. पंखा मोठा झाला की ते पोचत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर येतो, आणि व्हॉल्व्ह-पिस्टन वेळेआधी संपतात. थोड्या जास्त मासळीसाठी इंजिन जाळून घेतलेले लोक आपल्या बंदरात आहेत.

पंखा काढलेलाच आहे, तर त्याला एकदा दोरीने टांग आणि लाकडी हातोडीने प्रत्येक पात्यावर हलकं मार. चांगला पंखा घंटेसारखा वाजत राहतो. एखादं पातं बद्द वाजलं तर तिथे चीर आहे. कुठे तांबूस-गुलाबी डाग दिसले तर नखाने खरवडून बघ. धातूतलं जस्त निघून गेलं की तांबंच उरतं, ते ठिसूळ असतं. म्हणूनच बाहेर जस्ताचे ठोकळे लावतो, म्हणजे पाणी आधी ते खातं आणि पंखा-शाफ्ट वाचतात. ते अर्धे खाल्ले गेले असतील तर नवीन लाव. आणि पोरांना सांग की तळाला रंग देताना त्यांच्यावर ब्रश फिरवू नका. मागच्या वर्षी दोन ठोकळ्यांवर रंग चढला होता, ते वर्षभर जसेच्या तसे राहिले आणि शाफ्टला खड्डे पडले.

आता खाडीची रेती. आंजर्ल्याच्या मुखाशी गाळ किती साचलाय ते तुला माहीत आहे. वादळाची बातमी आली की आपण सगळे आत पळतो, आणि उथळ पाण्यातून जाताना इंजिन थंड ठेवणारा समुद्राच्या पाण्याचा पंप रेतीसकट पाणी ओढतो. ती रेती पंपात फिरणाऱ्या इंपेलरची रबरी पाती खाते आणि शाफ्टच्या रबरी बेअरिंगलाही घासते. खाडीत ये-जा झाली की दुसऱ्या दिवशी पंपाचं झाकण उघडायचंच. आणि इंपेलर तुटलेला मिळाला तर नवीन बसवून मोकळा होऊ नकोस. तुटके तुकडे वहीच्या पानावर मांड आणि जुळव. सहा पात्यांपैकी चारच जुळली तर उरलेली दोन पुढे पाइपात किंवा कूलरच्या तोंडाशी बसलेली आहेत. ती काढली नाहीस तर नव्या इंपेलरवरही इंजिन तापेल आणि तू थर्मोस्टॅट शोधत बसशील. चालू झाल्याबरोबर बाजूने पाणी पडतंय का, हे बघितल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.

डिझेलची टाकी जूनमध्ये काठोकाठ भरून ठेवलीस का? रिकामी जागा राहिली असेल तर पावसाच्या दमट हवेने आत पाणी सुटलेलं असणार. पाणी आणि डिझेल भेटतात तिथे काळा बुळबुळीत साका धरतो, आणि तो पहिल्या मोठ्या लाटेला हलून फिल्टरमध्ये येतो. होडी बंदरात असते तोवर काही कळत नाही, बाहेर जाऊन डोलायला लागली की इंजिन बंद. म्हणून टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढ आणि अर्धा तास ठेवून बघ. दोन्ही फिल्टर बदल. मग हवा काढायची, टाकीकडून इंजिनकडे याच क्रमाने: पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, पंप, शेवटी नोझलचे पाइप. नोझलमधून डिझेल उडत असताना समोर हात कधीही धरू नकोस. ती धार कातडी फोडून आत जाते, बाहेर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो.

एखादा सिलिंडर मारत नाही असं वाटलं तर इंजिन हळू चालू ठेवून, हातावर जाड कापड घेऊन, एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला कर. जिथे आवाज बदलतो तो सिलिंडर काम करतोय. जिथे काही फरक पडत नाही, तो आजारी. धुराचं म्हणशील तर काळा म्हणजे ओझं जास्त किंवा हवा कमी (पावसात इंजिनखणावर ताडपत्री गच्च बांधली तरी येतो), निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा सकाळी थंडीत थोडा चालेल, पण गरम झाल्यावरही राहिला तर नोझल नाहीतर आत पाणी. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नकोस. पट्टी नाकाला लाव, डिझेलचा वास येतो का बघ. दुधाळ दिसलं तर पाणी आहे, इंजिन चालूच करू नकोस.

शाफ्ट होडीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडची, पाणी अडवणारी दोरी नवीन भर, तिरकी काप आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नकोस. चालताना थेंब-थेंब पाणी पडू दे. तो थेंब शाफ्टला थंड ठेवतो. पोरं आवळून कोरडं करतात आणि शाफ्ट जळतो. होडी पाण्यात घातली की लगेच गियर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट आवळू नका. लाकूड दोन-तीन दिवस पाणी पितं, होडी आपल्या आकारात बसते, मग कपलिंगच्या फटीत चारही बाजूंनी फिलरची पातळ पट्टी घालून बघ आणि नंतरच आवळ.

एक शेवटचं, आणि यात हयगय केलीस तर मला सहन होणार नाही. पंख्यात जाळं अडकलं आणि कोणाला सुरी घेऊन खाली उतरायचं असेल, तर इंजिन बंद, चावी काढलेली, आणि ती चावी खाली जाणाऱ्याच्या गळ्यात. मग तो तू अस किंवा कोणी खलाशी. लाटा उंच असतील तर उतरायचंच नाही, नांगर टाका आणि दुसरी होडी येईपर्यंत थांबा. जाळं गेलं तर नवीन घेऊ.

आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि सोड्यांची चटणी दिली आहे, ताईचा माणूस रविवारी घेऊन येईल. होडीची पूजा झाली, इंजिन चालू केलंस की मला फोन लाव. आधी न्यूट्रलला, मग गियर टाकून, दोन्ही वेळा फोन इंजिनजवळ धर. व्हिडिओ नको, नुसता आवाज ऐकव. मी त्या वेळी गॅलरीचं दार लावून बसेन.

तुझे,
बाबा