काच जड झाली म्हणजे मोटर गेली असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की साताऱ्यातल्या गॅरेजांत कारच्या काचांच्या तक्रारी वाढतात. "काच वर जात नाही, मोटर बदलून द्या," असे निदान ग्राहक घरूनच करून येतो आणि पुष्कळ ठिकाणी ते कुणी तपासतही नाही. मोटर आणि मशीन (काच उचलणारी यंत्रणा) यांचा नवा सेट बसतो, काच काही आठवडे बरी चालते आणि ऐन पावसात पुन्हा अडखळू लागते. कारण दोष मोटरीत नव्हताच, काच ज्या रबरातून सरकते त्या रबरात होता. बहुतेक गाड्यांत हे रबर मोटर-मशीनच्या सेटपेक्षा बरेच स्वस्त असते, आणि निम्म्या वेळा तर ते बदलावेही लागत नाही, नीट साफ केले तरी पुरते. लोकांचे पैसे असे वाया जाऊ नयेत, म्हणून हे पत्र.

कारच्या दरवाज्याची काच साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीची, टफन्ड (तापवून कडक केलेली) असते. मशीन तिला खालून उचलते, एवढेच. तिला सरळ ठेवणे, डुगडुगू न देणे आणि वर गेल्यावर पाणी-वारा अडवणे ही कामे चॅनलच्या रबराची. हे रबर पुढच्या खांबालगत दरवाज्याच्या पोटातून वर येते, छताच्या रेषेने मागे जाते आणि मागच्या खांबालगत पुन्हा पोटात उतरते. त्याच्या खाचेत दोन्ही बाजूंना पातळ ओठ असतात आणि काच त्यांच्यामधून सरकते. ओठांवर कुठे बारीक लव असते, कुठे गुळगुळीत थर. ही लव किंवा हा थर गेला की काच थेट कोरड्या रबरावर घासते आणि मोटरीवर भार येतो. याशिवाय काच जिथे दरवाज्यात शिरते तिथे बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन पट्ट्या असतात. त्या काच पुसतात, पाण्याचा मोठा भाग बाहेरच ठेवतात.

आपल्या जिल्ह्यात या रबराचे दोन्हीकडून हाल होतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे जेमतेम 500. माण-खटावात फिरणाऱ्या गाडीच्या चॅनलमध्ये मुरुमाची बारीक धूळ ठासून बसते. मेढा, महाबळेश्वर, पाटणकडच्या गाडीत पालापाचोळा आणि शेवाळ सापडते, शिवाय पट्टीच्या आतला पत्रा गंजून फुगलेला असतो. सर्वांत वाईट अवस्था दोन्हीकडे फिरणाऱ्या गाडीची. उन्हाळाभर साठलेली धूळ पहिल्या पावसात भिजते, तिचा चिखल ओठांत वाळतो आणि तो पॉलिश कागदासारखा काच खरवडत राहतो. काचेवर दिसणाऱ्या उभ्या रेघा बहुतेक याच्याच असतात. त्या पॉलिशने क्वचितच पूर्ण जातात.

आता निदान कसे करावे ते. इंजिन चालू ठेवून तपासा, कारण नुसत्या बॅटरीवर काच थोडी मंदच चालते. आधी समोरच्या दोन्ही काचा एकामागून एक खाली-वर करून वेळेची तुलना करा. एकच काच वर जाताना मंद आणि खाली येताना ठीक असेल, तर आधी चॅनलवर संशय घ्या. त्या काचेला दोन्ही तळव्यांनी आतून-बाहेरून धरून वर जायला हलकी मदत करा. मदतीने ती सहज गेली तर बहुधा काच अडकते आहे किंवा कलते आहे. काच एका बाजूला झुकून वर येत असेल तर मशीनवरचा प्लॅस्टिकचा सरक-तुकडा तुटलेला, काचेचा क्लॅम्प ढिला किंवा चॅनलचा खालचा भाग खाचेतून निघालेला असतो. दरवाज्यात करकर आवाज येऊन काच हललीच नाही तर मशीनची वायर-दोरी उसवली आहे असे समजा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, दिवेही मंद होत नाहीत, तर फ्यूज, बटण आणि दरवाजा-खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी बघा. दरवाजा उघड-झाक करून त्या तिथेच तुटतात.

निर्णायक तपासणी एकच, आणि ती न करता मोटर बदलू नये. डोअर पॅड (दरवाज्याचे आतले आच्छादन) काढून काच मशीनपासून सोडवा, काच वर चिकटपट्टीने चौकटीला पक्की अडकवा आणि मोटर रिकामी चालवा. ती एका वेगाने, न अडखळता चालली तर मोटर बहुधा ठीक आहे. मग चिकटपट्टी काढून काच हाताने खाली-वर करा. सारख्या, बेताच्या जोराने ती सरकली पाहिजे. जिथे अडकेल तिथेच चॅनलचा दोष. ग्राहकाने हे समोर उभे राहून बघावे आणि गॅरेजवाल्याने न सांगता दाखवावे.

साफसफाई घरीही होते. काच पूर्ण खाली घ्या. मऊ कोरड्या ब्रशने चॅनल वरून खाली झाडा आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम लावा. मग पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला ओले फडके गुंडाळून खाचेत फिरवा. एक लिटर पाण्यात चमचाभर कार शाम्पू पुरे. फडके स्वच्छ निघेपर्यंत हे करायचे, एका फेरीत कधीच होत नाही. नंतर तासभर वाळू द्या. वाळल्यावर नळीच्या तोंडाने सिलिकॉन स्प्रे दोन्ही उभ्या खाचांत आणि वरच्या खाचेत अगदी थोडा मारा, काच पाच-सहा वेळा खाली-वर करा आणि काचेवर आलेला चिकटपणा पुसून घ्या. लव असलेल्या चॅनलला फक्त स्प्रे वापरा. गुळगुळीत ओठ असतील तर सिलिकॉन ग्रीसचा बोटाने ओढलेला पातळ थर चालतो. दरवाज्याला रंग द्यायचा असेल तर मात्र आधी सिलिकॉन लावू नका, रंगाला खड्डे पडतात.

इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, साधे पिवळे ग्रीस यांतले काहीही चॅनलमध्ये घालू नका. हे रबर ईपीडीएम या कृत्रिम जातीचे असते. ऊन-पाऊस ते वर्षानुवर्षे सोसते, पण खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. फुगलेला ओठ काचेला आणखी आवळतो. तेल घातल्यावर चार दिवस काच लोण्यासारखी चालते, मग धूळ चिकटून आधीपेक्षा जड होते. सगळ्या घरांत सापडणारा गंज सोडवण्याचा स्प्रे हाही त्याच वर्गातला. तो बोल्ट सोडवायला ठेवा.

दुसरा गैरसमज पाण्याचा आहे आणि त्याने दरवाजे सडतात. दरवाज्याच्या आत पाणी जाणे हा दोष नाही. बाहेरची पट्टी कितीही चांगली असली तरी जोराच्या पावसात थोडे पाणी काचेवरून आत ओघळतेच आणि दरवाजा ते धरूनच बनवलेला असतो. तळाच्या कडेला बहुधा दोन-तीन भोके असतात, तिथून ते बाहेर पडते. आतल्या बाजूला डोअर पॅडच्या मागे एक प्लॅस्टिक शीट चिकटवलेले असते, ते पाणी गाडीत येऊ देत नाही. म्हणून पायाखालची मॅट ओली झाली की बाहेरून सिलिकॉन सीलंटची बत्ती भरणे हा उपाय नव्हे. त्याने काच जाम होते आणि आत गेलेले पाणी तसेच राहते. आधी तळाची भोके बघा. माती, पाने, किंवा तळाला मारलेले गंजरोधक कोटिंग यांनी ती बुजतात. ती काडीने किंवा केबल टायच्या टोकाने मोकळी करा, स्क्रू-ड्रायव्हरने नको, रंग खरवडून तिथूनच गंज धरतो. मग काचेच्या बाहेरच्या पट्टीवर लिटरभर पाणी सावकाश ओता. लगेच तळातून धार यायला हवी. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर भोके अजून बंदच आहेत.

भोके मोकळी असून मॅट ओली असेल तर बहुधा शीट फाटलेले किंवा सुटलेले आहे. याचे कारण बहुतेक वेळा आधीचे काम असते. स्पीकर बसवताना किंवा मशीन बदलताना शीट ओढून फाडले जाते आणि परत लावताना खाकी टेप मारला जातो. दमट हवेत तो टेप एक पावसाळाही टिकत नाही. शीटमागचा काळा चिकट ब्यूटाइल थोडा गरम करून सावकाश सोडवायचा, परत लावताना तोच किंवा नवा ब्यूटाइल दोरा वापरायचा. शीटची खालची कड दरवाज्याच्या आतल्या बाजूला जायला हवी, म्हणजे शीटवरून ओघळलेले पाणी पुन्हा पोटातच पडते. ही कड बाहेर राहिली की सगळे पाणी पॅडमागून गाडीत उतरते. एवढ्या एका चुकीसाठी लोक छत, वायपर, समोरची काच सगळे सील करून घेतात. पाणी कुठून येते ते शोधायचे असेल तर साध्या नळाची धार खालून सुरू करून हळूहळू वर न्या, प्रत्येक भागावर दोन-तीन मिनिटे. प्रेशर पंपाने हे करू नका. वॉशिंग सेंटरवरही पंपाचे तोंड पट्ट्यांपासून हातभर लांब ठेवायला सांगा, जवळून मारलेल्या धारेने ओठ उलटे होतात आणि लव निघते.

चॅनल बदलायचेच असेल तर त्या मॉडेलचे, कोपरे साच्यातून आलेले रबर घ्या. फुटावर मिळणारे सरळ रबर कोपऱ्यात वाकवले की सुरकुती पडते. काच तिथेच अडते, तिथूनच पाणी येते आणि महामार्गावर 80 च्या वेगाला शिट्टीही तिथेच वाजते. बसवताना काच खाली घ्या, जुने रबर वरच्या कोपऱ्यातून काढा, खाच पुसा, गंज असेल तर घासून प्रायमर लावून वाळवा. नवे रबर आधी दोन्ही वरच्या कोपऱ्यांत बसवा, मग वरची रेघ, मग उभे पाय खाली दाबत न्या. साबणाचे पाणी लावले की सहज बसते. रबर ओढून ताणू नका. ताणलेले रबर काही दिवसांत आखडते आणि कोपरा सोडते. लांब वाटले म्हणून कापूही नका, बहुधा ते कुठेतरी खाचेत पूर्ण बसलेले नसते. खालचे टोक दरवाज्याच्या पोटातल्या पत्र्याच्या पट्टीत गेले की नाही ते टॉर्चने बघा. घाईत हेच राहते आणि मग काच अर्ध्यावर आली की डुगडुगते.

यानंतर मशीनचे बोल्ट किंचित ढिले ठेवून काच पूर्ण वर न्या, ती चॅनलमध्ये आपोआप सरळ बसू द्या आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळा. काच खाली असताना आवळले तर ती वाकडीच वर जाते. काच आणि क्लॅम्प यांच्यामधला रबरी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा विसरू नका. टफन्ड काचेच्या कडेला धातू टेकला तर ती एखाद्या दिवशी दरवाजा आपटताच भुगा होते. तिची कड घासून कमी करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शेवटी कागदाचा कपटा काच आणि रबर यांच्यामध्ये धरून काच बंद करा आणि ओढून पाहा. वर आणि दोन्ही बाजूंना सारखी पकड लागली पाहिजे.

एका स्पर्शाने वर जाणाऱ्या काचांची गोष्ट वेगळी. मध्ये हात आला असे समजून त्या मागे फिरतात. चॅनल कोरडे किंवा नवे घट्ट असेल तरी त्यांना हाताचाच भास होतो. अशा वेळी ही मागे फिरण्याची सोय बंद करून देणारे लोक आहेत. मागच्या सीटवर मुले बसतात, कृपया असे करून घेऊ नका. घर्षण कमी करा आणि बॅटरी काढली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे काचेची सेटिंग पुन्हा करा.

काचेवर चिकटवायच्या काळ्या फिल्मबद्दलही थोडे. बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून 70 टक्के प्रकाश आत यावा, हे नियमात आहेच. पण नियमाबाहेरही तिचा त्रास होतो. कड नीट न कापलेली फिल्म आतल्या पट्टीत गुंडाळते आणि तिचा गोंद लवेत बसून काच जड करतो.

गॅरेजवाल्यांना विनंती अशी, की बिलात चॅनलची साफसफाई हे स्वतंत्र काम लिहावे आणि त्याची मजुरी मोकळेपणाने घ्यावी. अर्धा-पाऊण तासाचे नीट काम आहे ते, फुकट मागणे बरोबर नाही. फुकट करावे लागते म्हणूनच ते टाळून सेट विकला जातो. मोटर बदललीच तर जुनी ग्राहकाच्या हातात द्यावी. आणि सुटे भाग विकणाऱ्यांनी साच्यातल्या कोपऱ्यांची चॅनल मे महिन्यातच मागवून ठेवावीत. पाऊस लागल्यावर ती मिळेनाशी होतात आणि मग फुटावरचे रबर खपते.

आपले,
कारच्या दरवाजा-काचेचे काम करणारे काही कारागीर,
सातारा