रात्रभर चालू राहिलेला कॉम्प्युटर

चि. पिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून काल रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर टॉरंट, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरमधून फाइली उतरवून घ्यायचं ते, लावून तो चालूच ठेवला. सकाळी शटर उघडून पाहतो तर तुझे चौदाच्या चौदा अल्बम उतरलेले. फ्लॅक का काय म्हणतात ते, आवाज जराही न घटवता साठवलेल्या फाइली, एकेक अल्बम तीन-चारशे एमबीचा. खाली मात्र 'सीडिंग' असं काहीतरी चाललं होतं. अभ्यासिकेतल्या एका मुलाला विचारलं, तर म्हणाला, "काका, तुम्ही घेतलंत ना, आता तुमच्याकडून दुसरे घेतायत." म्हणजे मी घरी घोरत होतो आणि सदाशिव पेठेतलं माझं दुकान रात्रभर जगाला अल्बम वाटत होतं.

तुझ्या हॉस्टेलच्या वायफायवर टॉरंट का बंद आहे ते कळलं. स्वतःपुरती एक प्रत काढणं आणि गठ्ठा काढून काउंटरवर ठेवणं यातला फरक झेरॉक्सवाल्याला कुणी समजावायला नको. कॉपीराइट कायद्याचं ६३वं कलम आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. दोन-चार अल्बमांसाठी कुणी पोलीस पाठवत नाही हे मलाही कळतं, पण इंटरनेटचं कनेक्शन माझ्या नावावर आहे बाई.

आता तू म्हणशील, बाबा, तू कोण सांगणारा? बरोबर आहे. मेटॅलिकाचा १९९१चा तो काळ्या कव्हरचा अल्बम माझ्याकडे कसा आला? मित्राच्या डबल डेकवर भरून. अल्बम बासष्ट-त्रेसष्ट मिनिटांचा आणि आणलेली कोरी कॅसेट साठची, त्यामुळे दोन्ही बाजूंची शेवटची गाणी मधेच तुटलेली. मला ती तुटलेलीच पाठ आहेत. चुकून पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाकली होती. आपल्या मालावर किती ते प्रेम!

तुझ्या यादीत त्याच बँडचा २०२३चा अल्बम पाहून हसूच आलं. २००० साली यांनीच नॅपस्टरवर, म्हणजे लोक जिथे एकमेकांची गाणी फुकट घ्यायचे त्या कंपनीवर, खटला भरला होता. त्यांचा ड्रमर लार्स उलरिक गाणी फुकट वाटणाऱ्या तीन लाखांहून जास्त लोकांची नावं कागदावर छापून, खोकी भरभरून नॅपस्टरच्या ऑफिसात घेऊन गेला. मी नुकतंच दुकान टाकलं होतं. खटल्यापेक्षा मला प्रश्न पडला, एवढी पानं काढली कुठल्या मशीनवर?

धंद्याचं म्हणशील तर आम्ही झेरॉक्सवाले दिल्लीच्या निकालावर निवांत असतो. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ साली केस टाकली होती. २०१६ला हायकोर्टानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला, पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस मागे घेतली. पण तो निकाल वर्गात शिकवायला लागणाऱ्या उताऱ्यांचा. आम्ही तो सोयीनं सगळीकडेच लावतो.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. चार-पाच वर्षं झाली असतील. एमपीएससीच्या मुलांसाठी एका मास्तरांनी पदरचे पैसे घालून पुस्तक छापलं होतं. किंमत साडेतीनशे. मी तेच बॅक-टू-बॅक, एका बाजूला दोन पानं, स्पायरलसकट एकशे वीसला देत होतो. एका दुपारी एक गृहस्थ आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स मागायला आले. मशीनवर पुस्तक पालथं पडलेलं, कव्हर वर. कार्ड हातात घेतलं, त्यावरचं नाव वाचलं, तेच नाव कव्हरवर. मी मशीन बंद केलं. शेजारी निघालेल्या पानांचा गठ्ठा होता, त्यातलं वरचं पान त्यांनी उचलून उजेडात धरलं आणि म्हणाले, "जरा डार्क काढा हो. नकाशे उमटत नाहीत, मुलांना नद्या दिसणार नाहीत." मग दोन झेरॉक्सचे चार रुपये ठेवून गेले. मी ते घेतले, हे मला अजून खुपतं.

स्ट्रीमिंगवाले कलाकारांना काय देतात, असं तू फोनवर म्हणालीस. ते मला पटलं. स्पॉटिफायनं २०२४पासून नियमच केलाय की वर्षभरात हजाराहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला पैसेच नाहीत. नव्या पोरांनी करायचं काय? पण कंपनी त्यांना चिल्लर देते म्हणून आपण तीही द्यायची नाही, हे गणित काही मला जमलं नाही.

मेटॅलिकाच्या पोटावर माझ्या साठच्या कॅसेटनं पाय आला नाही, तुझ्या फ्लॅकनंही येणार नाही. कायदा असं बघत नाही, मी बघतो. पण त्या चौदात एक बँड आपल्या पुण्याचा आहे. डिसेंबरात आईशी भांडून त्यांना ऐकायला गेली होतीस, पाचशेचा टी-शर्ट घेऊन आलीस. टी-शर्टचे पैसे आणि गाणी फुकट?

तो अल्बम मी बँडकॅम्पवर, म्हणजे बँड जिथे आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, विकत घेतला. अल्बमच्या किमतीतले १५ टक्के ते ठेवतात, पैसे पाठवायचं काय ते शुल्क कापतात आणि उरलेले बँडला, हा हिशेब मला समजतो. माझं कार्ड दोनदा नाकारलं, मग त्या अभ्यासिकेतल्या मुलानं स्वतःच्या कार्डावर घेतला आणि मी त्याला रोख दिले. जास्त द्यायचे असतील तर द्या, असा रकाना असतो. पन्नास वाढवले. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आहे, तुला हवा तोच फ्लॅक मिळतो तिथे. ऐकलासुद्धा. गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत, पण ड्रमवाला दमदार आहे.

टॉरंट बंद केलंय. बाकीचे तेरा पुसलेले नाहीत, हार्ड डिस्क आईच्या कपाटात शंकरपाळ्यांच्या डब्यामागे आहे. आलीस की बघ काय करायचं ते.

मास्तरांच्या पुस्तकाची झेरॉक्स त्या दिवसापासून मी काढत नाही. दहा प्रती काउंटरवर ठेवतो, महिन्याला दोन-तीन जातात. बाकीची पोरं कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणतात आणि स्पायरल घालायला माझ्याकडे येतात. घालून देतो.

तुझा,
बाबा